नाटक शिकायला काय पडतं?

तीन तासांचा वर्ग आणि पंचवीस मुलं. भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटं येतात. पण तेवढीही येत नाहीत. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास अंग मोकळं करण्यात आणि आवाजाच्या सरावात जातो. मग सरांचं बोलणं, त्यांच्या जुन्या प्रयोगांच्या आठवणी (ऐकायला फार छान असतात, पण त्यांचेही पैसे आपणच भरलेले असतात), मधे चहा. उरतो दीड तास. त्याचे पंचवीस भाग केले की उभं राहून काही करून दाखवायला माणशी साडेतीन मिनिटं मिळतात. समजा, अशा शनिवार-रविवारच्या वर्गाची तीन महिन्यांची फी ३६ हजार आहे. चोवीस वर्ग, बहात्तर तास, म्हणजे तासाला ५०० रुपये. ऐकायला वावगं वाटत नाही. मात्र तीन महिन्यांत तुम्ही स्वतः उभे राहिलात तो वेळ मोजा. सगळा मिळून दीड तासही भरत नाही. त्याच वर्गात बारा मुलं असती, तर तो तीन तासांवर गेला असता.

म्हणून अभिनयाच्या वर्गाला फोन केलात की ‘फी किती?’ हा दुसरा प्रश्न ठेवा. पहिला प्रश्न, ‘एका बॅचमध्ये किती जण?’

मी पुण्यात नाटकाची विद्यार्थिनी आहे. आधी एक खासगी वर्ग केला, आता विद्यापीठाच्या रस्त्याने शिकते आहे, आणि संध्याकाळी कुठे ना कुठे नाटक बघत असते. गावाकडून दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतो, ‘ताई, आमच्या धाकट्याला ॲक्टिंग शिकायचंय, किती खर्च येईल?’ या लेखात त्याचं उत्तर आहे. यातले कायद्याचे आणि शासकीय नियम पक्के आहेत. फी, भाडं आणि तिकिटांचे आकडे सध्याचे ढोबळ दर आहेत. शहराप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे ते मागेपुढे होतील.

विद्यापीठाचं दार

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी माहीत असलेला रस्ता सरकारी आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून चालू आहे. तिथे नाट्य, संगीत आणि नृत्य या विषयांची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेता येते. सतीश आळेकर अनेक वर्षं तिथे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कलिना संकुलात आहे, तिची उभारणी वामन केंद्रे यांच्या हाताखाली झाली. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, मराठवाड्यातले कितीतरी नट आणि दिग्दर्शक तिथूनच मुंबईला गेले. गोव्यातल्या मुलांसाठी पणजीची कला अकादमी आहे. या सगळ्या ठिकाणची फी हजारांत मोजायची असते, लाखांत नाही. राखीव प्रवर्गातल्या आणि कमी उत्पन्न गटातल्या मुलांना महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरून शिष्यवृत्तीचा अर्जही करता येतो. प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी छोटी चाचणी, एखादं स्वगत आणि मुलाखत असते. स्वगतासाठी कोचिंग लावू नका. दोन वेगळ्या वळणाची स्वगतं पाठ करा, गल्लीतल्या चार माणसांसमोर करून बघा, तेवढी तयारी पुरते.

फी स्वस्त असली तरी राहणं स्वस्त नाही, आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही ते नेमकं हेच. पुण्यात कॉट बेसिसवर राहायला महिन्याला पाच ते आठ हजार, मेसचे साडेतीन-चार हजार, वर प्रवास, मोबाइल, चहा-नाश्ता. काटकसरीने धरलं तरी महिना अकरा-बारा हजारांत बसतो, दहा महिन्यांचे लाख-सव्वा लाख होतात. फी त्याच्या पाव-पंचमांश असते. तेव्हा प्रवेशाची यादी लागायच्या आधी विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरा, तिथेच खरी बचत आहे.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर शिकणाऱ्यालाच दरमहा शिष्यवृत्ती देतं. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने ते सुरू केलं, १९७५ पासून ती स्वतंत्र संस्था आहे. तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. पदवी हवी, वय अठरा ते तीसच्या आत हवं, आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. म्हणून कॉलेजच्या एकांकिकेचं पत्रक, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण काहीही फेकू नका, एका फायलीत लावून ठेवा. पहिली फेरी निरनिराळ्या शहरांतल्या केंद्रांवर होते, निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात. तिथलं काम मुख्यतः हिंदीत चालतं. मराठी माध्यमातल्या मुलांनी त्याचा धसका घ्यायचं कारण नाही, पण हिंदी नाटकं मोठ्याने वाचायची सवय वर्षभर आधी लावून घ्यावी. याच विद्यालयाची गंगटोक, आगरतळा, वाराणसी आणि बंगळुरू इथे एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची केंद्रं आहेत, त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट हे वेगळं प्रकरण आहे. तिथे पडद्यासाठीचा अभिनय शिकवतात, प्रवेश परीक्षा देशपातळीवरची असते आणि वर्षाची फी लाखाच्या पुढे जाते. सरकारी म्हणजे फुकट, असं तिच्याबाबतीत गृहीत धरू नका.

आधीपासून कुणा गुरूकडे शिकणाऱ्या १८ ते २५ वयाच्या मुलांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. तिच्यात नाटकही येतं. आपल्याकडे संगीत आणि नृत्याची मुलं हा अर्ज आठवणीने करतात, नाटकाची मुलं मात्र ‘आपल्याला कोण देणार’ म्हणत बसून राहतात.

खासगी वर्ग: कागद मागा

खासगी वर्ग वाईटच असतात असं नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला दुसरा पर्यायही नसतो. मात्र इथे दोन हजारांपासून पाच लाखांपर्यंत काहीही ऐकायला मिळतं. दोन दिवसांची कार्यशाळा दोन-तीन हजारांत, आठ-दहा दिवसांची पाच ते आठ हजारांत, तीन महिन्यांचा शनिवार-रविवारचा वर्ग पंचवीस ते पन्नास हजारांत, आणि मुंबईतला वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम काही लाखांत. शेवटच्या आकड्यात अंधेरी-वर्सोवा भागातलं राहणं मिळवलं की एका वर्षाचा खर्च गावाकडे एकरभर जमिनीच्या भाषेत बोलला जातो.

सांगितलेली फी जीएसटी धरून आहे की सोडून, हे विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की खासगी वर्गाला १८ टक्के कर लावावा लागतो. ३६ हजारांच्या तीन बॅचेस भरल्या की ती मर्यादा ओलांडली जाते. ३६ हजारांवर कर ६,४८० रुपये, म्हणजे खिशातून जाणार ४२,४८०. ही रक्कम बहुतेकांना दुसऱ्या हप्त्याच्या वेळी कळते. कर घेत असतील तर जीएसटी क्रमांक असलेली पावती मागा. क्रमांक नसेल, तर कर घेण्याचा त्यांना अधिकारच नाही.

तिसरा प्रश्न, शिकवणार कोण? मी केलेल्या खासगी वर्गाच्या जाहिरातीत एका नामवंत नटाचा फोटो होता. ते पहिल्या दिवशी नारळ फोडायला आले आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायला. मधले तीन महिने त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी चालवले. त्यातला एक मुलगा खरोखर चांगला शिकवायचा, हे इथे नोंदवलं पाहिजे. पण मी पैसे त्याच्यासाठी दिले नव्हते. तेव्हा कोण किती तास शिकवणार, याचं वेळापत्रक लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचं चालेल, तोंडी चालणार नाही.

चौथा प्रश्न, शेवटी प्रयोग आहे का, आणि तो कुठे? ‘सादरीकरण’ या शब्दाखाली वर्गातल्या वर्गात पालकांना बोलावून केलेली वीस मिनिटंही येतात आणि भरत नाट्य मंदिरातला तिकीट लावलेला प्रयोगही येतो. शिवाय सभागृहाचं भाडं, वेशभूषा आणि रंगभूषा फीमध्ये धरली आहे की त्यासाठी शेवटच्या महिन्यात वेगळी वर्गणी काढणार, तेही विचारा. ती वर्गणी दोन-तीन हजारांची असते, आणि नाही म्हटलं तर भूमिका जाते या भीतीने सगळे देतात.

आता पोर्टफोलिओ. काही ठिकाणी फीसोबत फोटोंचं पॅकेज गळ्यात मारतात, पंधरा हजारांपासून पुढे. सुरुवातीला त्याची गरज नसते. भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, मित्राच्या मोबाइलने काढलेले समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे साधे फोटो आणि स्वतःची ओळख करून देणारी मिनिटभराची फीत ऑडिशनसाठी पुरते. ऑडिशन द्यायला पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. त्याला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणोत, ‘कोऑर्डिनेशन’ म्हणोत की ‘कार्ड’ म्हणोत, अर्थ एकच.

बघण्याचा खर्च

शिकण्याचा हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो, आणि माझ्या मते निम्मं शिक्षण इथे होतं. त्यासाठी महिन्याच्या खर्चात वेगळा रकाना हवा.

व्यावसायिक मराठी नाटकाचं तिकीट सध्या पुढच्या रांगांना साधारण ५००, मग ४००, ३००, आणि बाल्कनी दोनशे-तीनशेच्या दरम्यान असतं. पुढची रांग ५०० वर अडलेली दिसते, त्यामागे कराचं गणित आहे. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, एक रुपयाने वर गेलं की लागतो. ५५० चं तिकीट लावलं आणि त्यावर १८ टक्के कर चढवला तर प्रेक्षकाला ६४९ पडतात. ५०० चं ५५० करायला निर्माता इतका कचरतो तो म्हणूनच. मोठं संगीत नाटक किंवा सिनेमातली नावं असलेला प्रयोग हजारावर जातो, पण विद्यार्थ्याने तो पाहिलाच पाहिजे असं नाही.

ऑनलाइन तिकिटावर सोयीचं शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो. दोन-तीन तिकिटं काढली की त्यात कँटीनमधला वडा-चहा सुटला असता. नाट्यगृहाच्या खिडकीवर गेलात तर ही रक्कम वाचते, शिवाय प्लॅन डोळ्यांसमोर असल्याने खांबामागची खुर्ची पदरात पडत नाही. बालगंधर्व रंगमंदिर, टिळक स्मारक, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन, सगळीकडे सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडते. प्रयोगाच्या दोन-तीन दिवस आधी जा. खिडकीवरच्या काकांशी ओळख झाली की कुठल्या प्रयोगाला गर्दी नाही आणि बाल्कनीचं तिकीट काढून मागाहून खाली बसायला मिळेल का, हेही कळतं. ही ओळख कुठल्याही ॲपवर मिळत नाही. खिडकीला जाणं जमणारच नसेल तर बुकमायशो आहे, आणि खास मराठी नाटकांसाठी प्रशांत दामले यांनी २०२४ मध्ये आणलेलं ‘तिकिटालय’ आहे.

नटाने कुठे बसावं? यावर आमच्यात वाद होतात. माझं मत असं की एखादं चांगलं नाटक दोनदा बघावं, पहिल्यांदा बाल्कनीतून आणि मग चौथ्या-पाचव्या रांगेतून. वरून रंगमंचाचा नकाशा दिसतो. कोण केव्हा कुठून कुठे गेला, दोन माणसांमधलं अंतर कधी तुटलं, बोलत नसलेला नट त्या वेळी काय करत होता, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला का. खालून डोळे आणि हात दिसतात. दोन्ही मिळून सात-आठशे रुपये. वर्षाला दोन नाटकं अशी बघितली तरी बरंच हाती लागतं. पहिल्याच रांगेत बसू नका. तिथून नटांचे पायच जास्त दिसतात.

प्रायोगिक नाटकाचा खर्च कमी आणि जवळीक जास्त. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि टिळक रस्त्यावर हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह या महाराष्ट्र कल्चरल सेंटरच्या जागा, तिथेच हिराबागेत नव्याने सुरू झालेला श्रीराम लागू रंग-अवकाश, आणि एरंडवण्यातलं ‘द बॉक्स’. तिकिटं दोनशे ते पाचशे. सुदर्शनसारख्या छोट्या जागेत नटाला घाम येतो तो दिसतो, आणि त्याने श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. श्वासावरचं व्याख्यान दोन तास ऐकून जे डोक्यात शिरत नाही, ते तिथे अडीचशे रुपयांत शिरतं. मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ पासून हेच काम करतंय. दोनशे माणसांची जागा, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, उशीर झाला तर आत सोडत नाहीत. तिकिटं तीनशेपासून सात-आठशेपर्यंत. नोव्हेंबरातल्या महोत्सवाचं वेळापत्रक लागलं की लगेच ठरवा. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये महाग प्रयोग असतात तसे स्वस्तही असतात. लंडनच्या नॅशनल थिएटरच्या नाटकांचं चित्रमुद्रण तिथे पडद्यावर दाखवतात, त्याचा उपयोग होतो. पण त्याला जिवंत नाटक बघणं म्हणायचं नाही. कॅमेऱ्याने जे दाखवलं तेच तुम्ही बघता, कुठे बघायचं ते तुम्ही ठरवत नाही.

आणि जवळजवळ फुकट असं नाटकही आपल्याकडे भरपूर आहे. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या सांगली, सोलापूर, रत्नागिरी, नाशिक, नागपूर अशा गावोगावच्या केंद्रांवर होतात. तिकीट चहा-वड्याच्या भावात, आणि रोज नवं पूर्ण लांबीचं नाटक. त्यात वाईट नाटकंही असतात. तीही बघा. पाठांतर सुटल्यावर नटाचं शरीर काय करतं, हे व्यावसायिक प्रयोगात कधी दिसणार नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, तो भरत नाट्य मंदिरात होतो. पावसाळ्यातल्या त्या प्राथमिक फेऱ्यांना एका संध्याकाळी तीन एकांकिका बघायला मिळतात. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत चालते. बाहेरगावच्या मुलांना ती सोयीची, कारण रात्रीच्या मुक्कामाचा खर्चच येत नाही. नाट्यवाचनं, रंगीत तालमी, नाट्यविभागांचे विद्यार्थी प्रयोग बहुतेक विनामूल्य असतात. ललित कला केंद्राच्या अंगणमंचावरचे प्रयोग बाहेरच्यांनीही जरूर बघावेत; प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरवायला त्याहून चांगलं माहितीपत्रक नाही.

खर्चाची एक बाजू रात्रीची. पुण्यात साडेनऊचा प्रयोग सुटायला साडेबारा होतात, तोवर बस आणि मेट्रो बंद झालेली असते आणि रिक्षा मीटरच्या वर जादा घेते. तीनशेच्या तिकिटामागे दोनशेची रिक्षा, असं होऊन बसतं. वसतिगृहाची वेळ वेगळीच. मुलींनी आणि लांब राहणाऱ्यांनी रविवारी दुपारी साडेबाराचा किंवा संध्याकाळचा प्रयोग गाठावा. चौघांनी मिळून जायचं, हा दुसरा उपाय. मुंबईत नाटक संपताना शेवटच्या लोकलची वेळ मनात ठेवूनच टाळ्या वाजवाव्या लागतात. पुण्याहून मुंबईला एका प्रयोगासाठी जायचं तर रेल्वेच्या सेकंड सीटिंगने जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास, शिवनेरीने त्याच्या चौपट. मित्राकडे मुक्काम नसेल तर एका नाटकाची किंमत दोन हजारांवर जाते. म्हणून एका फेरीत दोन प्रयोग जोडा.

अजिबात पैसे नसतील तर बॅकस्टेज करा. महोत्सवांना दारावर उभी राहणारी, सेट उचलणारी, चहा पोचवणारी मुलं लागतात. एकच नाटक विंगेतून वीस प्रयोग बघितलेल्या मुलाला जे कळतं, ते पंधरा वेगवेगळी नाटकं खुर्चीतून बघणाऱ्याला कळत नाही. रोजच्या प्रयोगात काय बदलतं आणि काय मुद्दाम बदलू दिलं जात नाही, ते विंगेतच दिसतं.

स्वतः उभं करायचं तर

शिकणारा गट एकांकिका करायला निघाला की खर्चाला तोंड फुटतं. तालमीच्या हॉलला तासाला दीडशे ते चारशे. महिनाभर रोज तीन तास धरले तर तेवढ्यात एका सेमिस्टरची फी निघते, म्हणून आम्ही शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, कुणाची तरी गच्ची शोधत फिरतो. लेखकाची लेखी परवानगी आणि प्रयोगागणिक मानधन द्यायचं. लेखक मित्र असला तरी द्यायचं. तिकीट लावणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा प्रयोगाच्या आठवडाभर आधी धावाधाव करू नका. सेट, कपडे, प्रकाशाचं जादा साहित्य, टेम्पो, आणि शेवटी वीस जणांचं जेवण. साध्या एकांकिकेला पंधरा-वीस हजार सहज लागतात, आठ-दहा जणांत ते वाटले जातात. सुरुवातीलाच वर्गणी ठरवा, एकाकडे वही द्या, पैसे परत मिळणार नाहीत हे तेव्हाच बोलून घ्या. एकांकिका पडल्यावर गट फुटत नाही, हिशेबावरून फुटतो.

नटाचं स्वतःचं सामान फार नसतं. काळा टी-शर्ट, ट्रॅक पँट, बऱ्यापैकी नी-कॅप (जमिनीवर पडायचे सराव सुरू झाले की तिची किंमत कळते), स्वतःचं मेकअपचं छोटं पाकीट; दुसऱ्याचा ब्रश आणि काजळ वापरू नये. सगळं मिळून दोन हजार. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. नाटकांच्या जुन्या आवृत्त्या वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात मिळतात. तरी दोन पुस्तकं स्वतःची असावीत. एक, के. नारायण काळे यांनी स्तानिस्लावस्कीला मराठीत आणलं ते ‘अभिनय साधना’. दुसरं, डॉ. श्रीराम लागूंचं ‘वाचिक अभिनय’. दुसरं आधी वाचा. मराठी वाक्य कुठे तोडायचं हे त्यातून कळतं, आणि टीव्ही बघून बिघडलेली आमची पिढी अडते ती तिथेच.

पैसे अडकले तर

विद्यापीठाचा प्रवेश रद्द केला तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केल्यास फी पूर्ण परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, आणि महिना उलटला की शून्य. काही वर्षी आयोग याहून सवलतीचं परिपत्रक काढतो, तेही बघा. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही.

खासगी वर्गाची गोष्ट निराळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण त्यातल्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य आणि नाट्य वगळलं आहे. ‘शंभर टक्के काम मिळेल’ म्हणणाऱ्या अभिनयाच्या वर्गावर ती तत्त्वं चालत नाहीत. हे बरोबर झालं असं मला वाटत नाही. स्वप्नं विकण्याचा धंदा इंजिनिअरिंगच्या क्लासपेक्षा आमच्याकडे जास्त जोरात आहे. तरी दार बंद झालेलं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि सर्व जाहिरातींना लागू असलेली २०२२ ची तत्त्वं आहेतच. विद्यापीठाचं शिक्षण ‘सेवा’ नाही, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये ठरवलं, मात्र कोचिंग वर्गांना ती सूट दिली नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बरेचदा तिथूनच पत्र गेलं की संस्था बोलायला लागते. यासाठी तुमच्याकडे पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि वेळापत्रक हवं. म्हणून फी रोख देऊ नका आणि एकरकमी तर मुळीच देऊ नका.

पन्नास हजार असतील तर

समजा, पुण्यात नोकरी किंवा कॉलेज सांभाळून वर्षभरात पन्नास हजार खर्च करता येतात. मी ते एका वर्गात भरणार नाही. बारा हजारांत आठ-दहा दिवसांच्या दोन कार्यशाळा, एक आवाजाची आणि एक शरीराची, दोन्ही छोट्या बॅचच्या. महिन्याला चार नाटकं, सरासरी अडीचशेचं तिकीट, म्हणजे वर्षाचे बारा हजार. येण्याजाण्याचे दहा हजार. मुंबईच्या दोन फेऱ्यांना पाच हजार. एखाद्या हौशी गटात शिरून वर्षातून एक-दोन एकांकिका, त्याची वर्गणी सहा हजार. पुस्तकांना तीन. झाले ४८ हजार. उरलेल्या दोन हजारांत नी-कॅप आणि मेकअपचं सामान.

यातलं काही जमलं नाही, घरचे ऐकेनात, आणि वर्गच लावायचा ठरला, तर पैसे भरण्याआधी एवढं करा. जे शिकवणार आहेत त्यांनी दिग्दर्शित केलेलं किंवा काम केलेलं एखादं नाटक कुठे लागलंय ते शोधा आणि बघून या. बाल्कनीचं तिकीट दोनशे रुपये आहे.